आतल्या दोरीवरची धाबळी

प्रिय धाकट्या,

तुझं पार्सल दोन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी पोचलं. आत पुस्तक एक, आईसाठी गुडघ्याचा पट्टा एक, आणि तुझं चार ओळींचं पत्र, त्यातली एक ओळ तारखेची. तिकिटं कमी लावली होतीस, त्यामुळे पोस्टमनने दंडासकट पैसे माझ्याकडून घेतले. दोन दिवसांचं दूध आलं असतं त्यात. पट्टा आईला घट्ट होतो. राहिलं पुस्तक. त्याच्याबद्दल लिहायलाच बसले आहे, आणि जे लिहिणार आहे ते तुला गोड लागणार नाही. तेव्हा आधी जेवून घे. उपाशीपोटी ऐकलेलं तुला लहानपणापासून लवकर लागतं.

मुखपृष्ठ छान आहे. समुद्रातला बुरूज, मागे ढग, वर सोनेरी अक्षरांत 'इतिहास आणि दंतकथा'. मागच्या बाजूला तुझा फोटो, हनुवटीला हात लावून. निवृत्त झालेल्या माणसाला एवढी कसली चिंता पडली होती कोण जाणे. फोटोखाली लिहिलंय की लेखकाचं बालपण 'या किनाऱ्याच्या सान्निध्यात' गेलं. सान्निध्यात! अरे, धक्क्याशेजारच्या दिवेवाल्याच्या घरात तू जन्मलास. त्या बुरुजावर रोज संध्याकाळी दिवा लावणारा माणूस तुझा बाप होता. एकशे बारा पानांत हे कुठेही नाही. मी मॅट्रिक झालेली बाई आहे, इतिहास मला कळत नाही, पण वाण्याच्या यादीत एक वस्तू राहिली तर ती मला लगेच दिसते. मी दोनदा शोधलं. नाही ते नाहीच.

आईला आता अक्षर दिसत नाही, म्हणून रोज प्रार्थना आटोपली की मी तिच्या पलंगाशी बसून पाच-सहा पानं वाचते. पहिल्या पानावर तू एक राजा आणलास. त्याने म्हणे कैदेत ठेवलेल्या राजकन्येसाठी बुरूज बांधला आणि तिच्या रडण्याने तिथलं पाणी जास्त खारट झालं. आई म्हणाली, "राजकन्येला बाजारहाट कोण करून देत होतं?" बाबांनी आपल्याला काय सांगितलं होतं ते तुला आठवत नसेल, तू मांडीवर झोपून जायचास. राजा वगैरे कोणी नव्हता. बंदरातल्या व्यापाऱ्यांची जहाजं त्या खडकांवर फुटायची, म्हणून त्यांनी वर्गणी काढून तो बांधला. ओहोटी पूर्ण लागली की खडक दोन तास उघडा पडायचा, तेवढंच काम. दगड किनाऱ्यावर घडवायचे, प्रत्येकावर आकडा कोरायचा, होडीतून न्यायचे आणि एकमेकांत असे अडकवायचे की लाट आली तरी एकटा दगड हलू नये. गवंड्यांच्या कमरेला दोर बांधलेले असत आणि एक म्हातारा हातात काही न घेता नुसता पाण्याकडे बघत बसे. तो ओरडला की हातातली थापी तिथेच टाकून पळायचं. सोळा वर्षं लागली. त्या म्हाताऱ्याला गवंड्यांइतकीच मजुरी मिळत असे, हे बाबा मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्या बुरुजात बाबांना सगळ्यात जास्त तो म्हातारा आवडायचा. तुला राजकन्या आवडली.

तेविसाव्या पानावर तू लिहितोस की बुरुजाखाली एक घंटा आहे, कोणी बुडायचं असलं की ती आपोआप वाजते, आणि ही कथा 'शतकानुशतके मच्छीमारांच्या ओठांवर आहे'. हे वाचलं तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला, मला पाठ चोळावी लागली. ती घंटा आईने स्वयंपाकघरात धान्य निवडता निवडता रचली. तू पाण्यात एकटा जायचास आणि हाक मारली तरी यायचा नाहीस, म्हणून. मी समोर बसले होते. तुझी शतकं म्हणजे चौपन्न-पंचावन्न वर्षं. आणि एकतिसाव्या पानावरचं भुयार? साहेब तपासणीला आले असताना बाबांचे बूट कोरडे कसे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले की मी भुयारातून येतो. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. तुला ती वही सरकारी दप्तरात सापडली म्हणे, आणि तू खाली बारीक अक्षरात तिचा क्रमांकही दिलास. बाबांचा विनोद एवढा लांब चालला याचा त्यांना आनंद झाला असता.

इथपर्यंत मी रागावले नव्हते. चाळिसाव्या पानापर्यंत आपलं घर हसत होतं. पान उलटलं आणि मथळा दिसला, 'लाल वस्त्रातली स्त्री', तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि आईला म्हटलं, आज एवढंच. ती झोपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन वाचलं.

तू लिहितोस, "एके काळी एक दिवेवाला होता." एक! "भर दुपारी किनाऱ्यावरच्या एका गच्चीवर लाल वस्त्रातली एक स्त्री उभी राहून त्याला खुणावू लागली. त्यानेही बुरुजाच्या सज्जातून पांढरं फडकं हलवून तिला प्रतिसाद दिला, होडी पाण्यात लोटली आणि तो दिवा सोडून निघून गेला. त्या संध्याकाळी बुरूज अंधारात राहिला आणि मीठ घेऊन येणारं एक गलबत खडकावर चढलं." पुढे तू म्हणतोस की ती जलपरी असावी, किंवा त्याची प्रेयसी, आणि अजूनही ढगाळ दिवशी किनाऱ्यावर लाल काहीतरी हलताना दिसतं. खाली आभार, जाळी विणणाऱ्या एका वृद्धेचे, जिने लहानपणी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बंदराच्या कमिटीने धक्क्यावर फलक लावायला हीच गोष्ट निवडली असं तुझ्या पत्रात आहे. चार ओळींतली एक ओळ तू त्यावर खर्च केलीस. अभिनंदनाची वाट बघत असशील तर बस बघत.

लाज वाटली म्हणून तू बापाचं नाव घातलं नाहीस, हे मी समजू शकते. पण लाज वाटते तर गप्प बसावं. नाव खायचं आणि गोष्ट विकायची, हे कुठलं शिक्षण? शाळेत पोरं तुला 'पळपुट्याचा' म्हणायची तेव्हा शाळेबाहेर मी उभी राहायचे, माझ्या अंगावरचे वळ तू पाहिले आहेस. खात्याने 'कामावरून पळाला' असा शेरा मारला आणि आठ दिवसांत घर खाली करायला लावलं, तेव्हा आईने एक ट्रंक डोक्यावर घेतली आणि दुसरी मी. तू पिंजऱ्यातला पोपट धरून पुढे चालत होतास आणि विचारत होतास की बाबांना नवं घर सापडेल का. आईने त्यानंतर शाळेच्या फरशा पुसल्या आणि तुला शिकवलं. ते शिक्षण फिरून तिच्याच तोंडावर येऊन आदळलं.

आता तुला कोणी कधी न सांगितलेली एक गोष्ट लिहिते. तू पुस्तकात बुरुजाच्या पायऱ्या मोजल्यास, भिंतीची जाडी दिलीस, काचा कुठून आल्या तेही सांगितलंस, पण घर आणि बुरूज एकमेकांशी कसे बोलायचे ते तुझ्या पुस्तकात नाही. गच्चीवर दोन दोऱ्या होत्या. समुद्राच्या बाजूला वाऱ्यासाठी छातीएवढा कठडा होता, त्याच्या वर उंच खांबांना बांधलेली ती बाहेरची दोरी. तिच्यावर आई रोज सकाळी पांढरी चादर घालायची. म्हणजे सगळं ठीक. बाबा दुर्बिणीतून बघायचे आणि सज्जातून पांढरं फडकं हलवायचे, म्हणजे पाहिलं. आणि ट्रंकेत एक लाल लोकरीची धाबळी असायची. ती बाहेरच्या दोरीवर घातली की घरात कोणाचा तरी जीव धोक्यात आहे, हातातलं टाकून या. आपल्या जन्मात ती एकदाच घातली होती, तुला घटसर्प झाला तेव्हा. कठड्याच्या आत, खाली, दुसरी दोरी होती. ती नुसती कपड्यांची. तिच्यावर काय वाळतंय याच्याशी बुरुजाचा संबंध नसे.

त्या दिवशी आई पहाटेच शेजारच्या शिंपिणीच्या बाळंतपणाला गेली होती. बाबांचा जोडीदार तापाने इस्पितळात, म्हणून बुरुजावर बाबा एकटे. संध्याकाळी दिवा लागला नाही. होडी तीन दिवसांनी खाली वाळूत सापडली, धडधाकट, नुसती वल्ही नव्हती. बाबा सापडले नाहीत. धडधाकट होडी बघून सगळ्यांनी तेच म्हटलं जे तू छापलंस. बंदराच्या मागच्या टेकडीवरून पाचसहा जणांनी आपल्या गच्चीवर लाल पाहिलं होतं. आईने घरी येऊन पहिली ट्रंक उघडली. धाबळी आत होती, घडी घातलेली, कोरडी. मग तिने मला समोर उभं केलं आणि विचारलं, "ही बाहेर काढली होतीस?"

मी म्हटलं, "नाही."

मग गच्चीवर जे लाल होतं ते काय होतं? आईने स्वतःच उत्तर काढलं, की मी घरात नसताना कोणीतरी बाई माझ्या गच्चीवर येऊन उभी राहिली. चौपन्न वर्षं ती त्या बाईबरोबर राहिली आहे, धाकट्या. रस्त्यात लाल साडी दिसली की ती पलीकडच्या बाजूने जाते. बाबांचा फोटो ट्रंकेच्या तळाशी पालथा आहे. ती त्यांना 'तो बुरुजावरचा' म्हणते. तुझी लाल वस्त्रातली स्त्री कोणा जाळीवालीने जन्माला घातलेली नाही. ती माझ्या त्या एका शब्दातून आली.

तुला आता थोडं थोडं दिसायला लागलं असेल. नसेल लागलं तर नीट ऐक. त्या सकाळी गारठा होता आणि तू कुडकुडत होतास. आपलं पांघरूण आखूड, म्हणून मीच ट्रंकेतली धाबळी काढून तुझ्यावर घातली. आई उठायच्या आत परत ठेवू म्हटलं. ती तर पहाटे मला सांगून निघूनही गेली, अंधारात तिला दिसलं नाही. उजाडलं तेव्हा तू धाबळी ओली केली होतीस. सहा वर्षांचा घोडा झालास तरी हे चालू होतं, आणि आईने आदल्याच आठवड्यात बजावलं होतं की आणखी एकदा झालं तर मावशीकडे राहायला पाठवीन. तू भिंतीला तोंड लावून रडत होतास. तुझ्या डोक्यावर हात ठेवून मी देवाची शपथ घेतली की हे मी कोणालाही, कधीही सांगणार नाही. मग धाबळी धुतली. लोकर घरात वाळत नाही, आणि चारपर्यंत आई येणार. मी गच्चीवर नेली आणि कठड्याच्या आतल्या दोरीवर घातली. मी बारा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. कठड्याशी उभी राहून मी समुद्राकडे पाहिलं आणि स्वतःला समजावलं की एवढा उंच कठडा मध्ये आहे, टेकडीवरून दिसेल तर दिसू दे, समुद्रावरून काही दिसायचं नाही. मग खाली जाऊन चुलीशी बसले. तीन वाजता धाबळी काढली, घडी घातली, ट्रंकेत ठेवली. बुरुजाकडे एकदाही पाहिलं नाही.

आईने विचारलं तेव्हा पहिल्या क्षणाला मी तुझ्या शपथेमुळे नाही म्हटलं. पुढची चौपन्न वर्षं मात्र त्यामागे शपथ नव्हती, भीती होती. त्या भीतीला मी एक आधार शोधला होता: धाबळी आतल्या दोरीवर होती, बाबांना ती दिसणं शक्यच नव्हतं, तेव्हा ते गेले ते त्यांच्या कुठल्यातरी कारणाने. कारण वाईट असेल तर असो, ते माझं नव्हतं. देवासमोर बसून मी रोज बाबांना माफ करत आले. माझी हिंमत बघ.

आणि मग तुझं पुस्तक आलं. 'पांढरं फडकं हलवून प्रतिसाद दिला.' हे तुला कोणी शिकवलेलं नव्हतं, ती खूण तुला माहीतच नव्हती, म्हणून तू ती प्रेमाची समजलास. मला ती बघताक्षणी कळली. पाहिलं, येतो.

तरी मी मानलं नाही. परवा शेजारणीला आईजवळ बसवून मी प्रवासी बोटीचं तिकीट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा बुरुजावर गेले. आपल्या वेळी बायकांना आणि पोरांना नेत नसत. तो वाटाड्या तुझंच पुस्तक पाठ करून बोलत होता, राजकन्येवर लोक हळहळत होते. मी पायऱ्या चढताना भिंतीवरून हात फिरवत गेले. दगडांवरचे आकडे बोटांना लागतात. सज्जात पोचले आणि किनाऱ्याकडे पाहिलं. आपलं घर अजून आहे, कोणी दुसरं राहतं. धाकट्या, तिथून सगळी गच्ची दिसते. जमिनीवरच्या माणसाने केवढाही कठडा बांधावा, एवढ्या उंचीवरून तो नुसती एक रेघ असतो. आतल्या दोरीवर कोणाचीतरी हिरवी चादर वाळत होती. डोळ्यांत मोतीबिंदू असून मला ती बिनदुर्बिणीची दिसली. बाबांना तर दुर्बीण होती. दोरी आतली की बाहेरची, हे तिथून कळत नाही. लाल आहे की नाही एवढंच कळतं. त्या दिवशी ओहोटी सुरू होती, खडक वर आलेले, बुरूज रिकामा सोडायचा नाही हा नियम त्यांनी एकोणीस वर्षं पाळलेला. आणि तरी ते उतरले, कारण त्यांना वाटलं आपल्यातलं कोणीतरी मरतंय. बहुधा तूच.

त्या पाण्याकडे बघत बसणाऱ्या म्हाताऱ्याचं काम मला दिलं असतं तर सगळे गवंडी बुडाले असते.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. पान एक्केचाळीस मी तुला माफ केलेलं नाही. ज्याला आपला बाप म्हणवत नाही त्याच्यावर गोष्टी लिहू नयेत. फलक लागण्याआधी कमिटीला पत्र टाक आणि ती बाई तिथून काढ. तिथे काय लिहायचं ते नंतर बघू. काही नाही लिहिलं तरी चालेल. नुसतं बाबांचं नाव आणि ते एकोणीस वर्षं दिवा लावत होते, एवढं पुरे.

पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. गेले चार दिवस मी आईला पहिली चाळीस पानंच पुन्हा वाचून दाखवते आहे. काल म्हणाली, "ही घंटा परवाही वाजली होती." मग विचारलं, "तो बुरुजावरचा यात कुठे येतो? धाकट्याने शोधून काढलं असेल ना, एवढा शिकला आहे." चौपन्न वर्षांत तिने आपणहून विचारलेलं हे पहिलंच. डॉक्टर म्हणतात, महिने धरू नका, आठवडे धरा. तिने ट्रंकेतला तो फोटो सुलटा करावा आणि मग जावं, एवढंच मला हवं आहे. मी तिला सांगणार. मी काढली होती, मी धुतली, मी वाळत घातली, मीच नाही म्हटलं. पण ती आई आहे. का धुतली, हे ती विचारणारच, आणि तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. तिथे तुझं नाव येतं. तू साठीचा झालास, प्राध्यापक झालास, तुला ती सकाळ आठवतही नसेल. पण शपथ मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती आणि ती मोडायचा अधिकार मला नाही, तुला आहे. फोन करू नकोस, फोन तिच्या उशाशीच आहे. मला शपथेतून मोकळी कर. 'सांग' एवढा एक शब्द पुरे. जमलं तर स्वतः ये आणि तूच सांग, मी बाजूला बसते. काही असो, उलट टपाली कळव, आणि या खेपेस तिकिटं पुरती लाव. तुझं पत्र दंडासाठी पोस्टात एक दिवस अडकलं तर तो दिवस मी कुठून आणू?

तुझीच,
थोरली